कुबाओ ते लेगार्दा

पहाटे पावणेचार

गजर उशीखालीच ठेवावा लागतो, कारण त्याच खोलीत धाकटा भाऊ आणि आजी झोपलेली असतात. गाव मारिकिना. मेट्रो मनिलाच्या पूर्वेचं, चपला-बूट बनवणाऱ्यांचं म्हणून देशभर ओळखलं जाणारं शहर. मुलगी वीस वर्षांची, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिला मी नाव देत नाही. असा दिवस काढणाऱ्या मुली त्या महानगरात हजारोंनी आहेत, आणि हा दिवस त्यांच्यातल्या कुणाचाही म्हणून वाचावा. महिना सप्टेंबर, वार गुरुवार.

डोळे उघडले की ती आधी पावसाचा कानोसा घेते आणि मग फोनवर महापौरांचं फेसबुक पान उघडते. तिथे वादळ, पूर आणि अलीकडे एप्रिल-मेमधला उकाडा, यांपैकी कशानेही शाळा-कॉलेजं बंद राहू शकतात, आणि तो निर्णय बहुतेक वेळा त्या त्या शहराचा महापौर जाहीर करतो. कधी आदल्या रात्री, कधी अगदी पहाटे. आज तसं काही नाही. पाऊस रिपरिप आहे, नदी शांत आहे. मारिकिनाच्या लोकांना नदीची चौकशी करायची सवय लागली ती उगाच नाही. २६ सप्टेंबर २००९ ला 'ओंदोय' वादळाने एका दिवसात शहर बुडवलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये 'युलिसिस' वादळाने पुन्हा. त्या दुसऱ्या पुराच्या वेळी ही मुलगी दहावीत होती. करोनामुळे शाळा बंद होती, छापील धड्यांचे गठ्ठे घरी येत होते, आणि पुरात कपाटाबरोबर ते गठ्ठेही गेले.

लोला, म्हणजे आजी, जागीच असते. मुलगी तिचा हात हातात घेते आणि स्वतःच्या कपाळाला लावते. आपल्याकडे वाकून नमस्कार करतात, तिथे हा 'मानो'. कालचा भात लसणावर परतलेला, एक अंडं, पाकिटातली थ्री-इन-वन कॉफी. लोला हळू आवाजात विचारते, "तो मुलगा स्टेशनवरच भेटतो का अजून? घरी ये म्हणावं त्याला."

मुलगी केसांचा घट्ट अंबाडा बांधत राहते. नखं कापलेली आहेत का, हे दिव्याखाली धरून पाहते. पांढऱ्या गणवेशाला डाग चालत नाही, म्हणून तो पिशवीत घडी करून घेते आणि अंगात साधा टी-शर्ट घालते.

साडेचार

बाप ट्रायसिकल चालवतो, म्हणजे मोटारसायकलला शेजारी डबा जोडलेली तिथली रिक्षा. दिवसाची पहिली सवारी त्याची स्वतःची मुलगी. दोघं फारसं बोलत नाहीत. स्टेशनवर उतरताना तो खिशातून सुट्टी नाणी काढून देतो, पुढच्या जीपनीसाठी, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणाऱ्या लांबट जीपगाडीसाठी.

ड्युटी सातला सुरू होते आणि हजेरी साडेसहाला असते. सव्वापाचला निघाली असती तरी ती वेळेत पोचली असती. ही पाऊण तासाची झोप ती स्वतःहून सोडते. वीस वर्षांच्या मुलीला, जिच्या रात्री जेमतेम चार तासांच्या असतात, पाऊण तास झोप म्हणजे किती मोठी गोष्ट आहे हे ज्यांनी रात्रपाळ्या केल्या आहेत त्यांना सांगायला नको. ती सोडते, कारण पाच वाजता कुबाओमध्ये एक पाळी सुटते.

सव्वापाच

मेट्रो मनिलात लोकलसारख्या गाड्यांचे मार्ग मोजकेच. त्यातला एलआरटी-२ हा पूर्वेकडच्या आंतिपोलोपासून पश्चिमेला रेक्तोपर्यंत जातो. एकूण तेरा स्टेशनं, शेवटची दोन २०२१ च्या जुलैत जोडली गेली. गाडीचा पहिला डबा बायका, म्हातारी माणसं आणि अपंगांसाठी. मुंबईच्या लोकलचा लेडीज डबा ज्यांना माहीत आहे त्यांना त्या डब्याचा मोकळा श्वास ठाऊक असेल. सकाळी एकटीने जाणारी मुलगी तोच डबा पकडते. ही मुलगी मात्र पुढे जाऊन तिसऱ्या डब्यात चढते आणि दाराजवळ उभी राहते.

कुबाओला तो चढतो. तेवीस वर्षांचा, पाठीवर बॅग, गळ्यात ओळखपत्राची दोरी, डोळे लाल. तो अमेरिकेतल्या एका आरोग्यविम्याच्या ग्राहकांचे फोन घेतो. रात्री आठ ते पहाटे पाच, कारण तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे आठ ते संध्याकाळचे पाच असतात. फिलिपिन्समध्ये या कॉल सेंटर आणि तत्सम कामांत अठरा लाखांच्या आसपास माणसं आहेत. पुण्या-मुंबईच्या तरुणांनी ही नोकरी आणि तिची झोप दोन्ही पाहिलेली आहेत. तो सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. घरात आजारपण आलं, बहिणीची फी आली, आणि त्याने वर्ष पुढे ढकललं. ते वर्ष अजून पुढेच आहे. तो सांपालोकमध्ये एका खोलीतला पलंग भाड्याने घेऊन राहतो. म्हणजे त्याचा घरी जायचा रस्ता आणि तिचा कॉलेजच्या भागातला रस्ता काही स्टेशनं एकच आहे.

कुबाओ, बेटी गो, गिलमोर, जे. रुईझ, व्ही. मापा, पुरेझा, लेगार्दा. जेमतेम पंधरा मिनिटं.

या पंधरा मिनिटांत काय होतं ते बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटेल. तो कागदाच्या पिशवीतला गरम पांदेसाल काढतो. भट्टीतून पहाटे निघणारा हा छोटा पाव तिथल्या सकाळचा भाग आहे. ती अर्धा तोडते. तो रात्रीच्या एका ओरडणाऱ्या ग्राहकाची गोष्ट सांगतो. ती आज कुठल्या वॉर्डात आहे ते सांगते. मग तो तिचे प्रश्न घेतो. तिने फोनवर टिपून ठेवलेली औषधं, मात्रा, दुष्परिणाम तो वाचतो आणि ती उत्तरं देते. रात्रभर विम्याचे दावे ऐकून त्यालाही निम्मी औषधं पाठ झाली आहेत. फ्युरोसेमाइडला ती अडखळली तर तो पुढचं अक्षर सांगतो. प्रेमाची ही भेट म्हणजे तोंडी परीक्षेची तयारीच असते, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. जे दोघांना एकत्र करता येतं ते एवढंच आहे, आणि ते दोघं ते मन लावून करतात.

महिन्याच्या आठ तारखेला ते एकत्र आले, म्हणून दर आठ तारीख साजरी होते. तिथल्या तरुणांत वर्षाआधी महिन्याचे वाढदिवस मोजतात. सुरुवातीला तो आदल्या संध्याकाळी दांग्वातून गुलाब घेई. सांपालोकमधला हा फुलबाजार बेंगेत प्रांतातून फुलं घेऊन येणाऱ्या बसगाड्यांच्या तळाभोवती वाढला आणि त्या बसकंपनीचं नाव त्याला चिकटलं. तिथे फूल दुकानापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात तेच भाव आकाशाला भिडतात. फूल रात्रभर लॉकरमध्ये राही आणि पहाटे तिच्या हातात येई. पण वॉर्डात फूल नेता येत नाही, पिशवीत ते गणवेशाखाली चुरडतं. आता आठ तारीख शनिवारी साजरी होते, मग ती कुठल्याही वारी येवो.

लेगार्दाला दोघं उतरतात. जिन्याखाली ताहोवाला असतो, खांद्यावर कावडीसारखे दोन ॲल्युमिनियमचे डबे घेऊन. मऊ टोफू, गुळाचा पाक, साबुदाण्याचे मणी. एक पेला, दोन चमचे. मग तो झोपायला जातो आणि ती जीपनीत चढते.

साडेसहा ते तीन

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात छताचे पंखे पुरत नाहीत, म्हणून रोग्याजवळ बसलेला नातेवाईक हातपंख्याने वारा घालत असतो. त्याला तिथे 'बांताय' म्हणतात, राखणदार. बांताय नसेल तर रोग्याचं कठीण असतं. औषध आणायला खाली कोण जाणार, रक्ताची नळी प्रयोगशाळेत कोण नेणार? आपल्या ससून किंवा केईएममध्ये ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल.

आठ विद्यार्थ्यांचा गट, वर एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. बाईंना सगळे 'मॅम' म्हणतात आणि सगळे घाबरतात. त्या हातातल्या घड्याळाला सेकंदकाटा आहे का ते पाहतात, कारण नाडी मोजायला मोबाइल बाहेर काढलेला त्यांना चालत नाही. प्रत्येकाला दोन रोगी. हिच्या वाट्याला सत्तरीच्या एक बाई, हृदय थकलेलं, पाय सुजलेले. ती त्यांना 'नानाय' म्हणते, आई, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचा 'पो' लावते. रक्तदाब, नाडी, श्वास, ताप. किती पाणी प्यायल्या, किती लघवी झाली, हे मिलिलिटरमध्ये. औषध देताना बाई शेजारी उभ्या राहून विचारतात, कोणता रोगी, कोणतं औषध, किती मात्रा, कोणत्या मार्गाने, कोणत्या वेळी? पहाटे गाडीत झालेली उजळणी इथे कामाला येते. फ्युरोसेमाइडने लघवीवाटे पोटॅशियम जातं, हे ती न अडखळता सांगते.

हे काम शिकून पुढे काय, हा प्रश्न त्या गटातल्या प्रत्येकाने सोडवलेला आहे किंवा सोडवायचा टाळलेला आहे. २००२ च्या नर्सिंग कायद्याने सरकारी नर्सला पंधराव्या वेतनश्रेणीचा पगार ठरवून दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१९ साली उचलून धरला आणि प्रत्यक्ष हातात पडायला २०२० उजाडलं. अठरा वर्षं. खासगी रुग्णालयांना ती श्रेणी लागू नाही, तिथे पगार बराच कमी. या दोन गोष्टींतून फिलिपिनो नर्स लंडन, रियाध, ह्यूस्टन इथल्या वॉर्डांत इतक्या संख्येने का दिसतात ते कळतं. या मुलीला बाहेर जायचं आहे का? विचारलं तर ती म्हणेल, आधी बोर्डाची परीक्षा. ती परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिच्या निकालात पहिले आलेले विद्यार्थी तिथे फलकांवर झळकतात.

बारा वाजता अर्धा तास जेवण. रुग्णालयाबाहेरच्या खानावळीत काचेमागे पातेली मांडलेली असतात आणि बोटाने दाखवायचं. भात आणि अर्धी वाटी आदोबो. फोनवर त्याचा निरोप आलेला आहे, झोपायच्या आधी पाठवलेला: "जेवलीस का?" ती पातेल्यांचा फोटो पाठवते. तो आता सहा तास वाचणार नाही.

तीन वाजता नानाय तिचा हात धरतात आणि उद्या तूच येशील का, असं विचारतात. ती "हो पो" म्हणते.

चार

एका राहून गेलेल्या सामान्य विषयाचा वर्ग आहे: रिझाल. १९५६ च्या कायद्याने फिलिपिन्समधल्या प्रत्येक कॉलेज विद्यार्थ्याला होसे रिझाल यांचं चरित्र आणि त्यांच्या दोन कादंबऱ्या शिकाव्याच लागतात. ज्यांच्या लेखणीमुळे स्पॅनिश सत्तेने ३० डिसेंबर १८९६ ला त्यांना गोळ्या घातल्या, ते रिझाल. डोळ्यांचे डॉक्टर, याच परिसरात आज उभ्या असलेल्या सान्तो तोमास विद्यापीठाचे विद्यार्थी, जरी ते विद्यापीठ त्या काळी नदीपलीकडे इंत्रामुरोसच्या तटात होतं.

आजचा तास लिओनोर रिव्हेरावर आहे. रिझालांचं आणि तिचं मन जुळलं ते विद्यार्थिदशेत. १८८२ मध्ये रिझाल आईवडिलांनाही न सांगता बोटीने युरोपला गेले, शिकायला आणि देशासाठी काही करायला. पत्रं येत राहिली. मुलीच्या आईने ती मुलीपर्यंत पोचू दिली नाहीत. वाट पाहून थकलेल्या लिओनोरने १८९० च्या सुमारास रेल्वेवर काम करणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरशी लग्न केलं, आणि दोन-तीन वर्षांत ती वारली. रिझालांच्या पहिल्या कादंबरीतली मारिया क्लारा तिच्यावरून उतरली असं मानतात.

वर्गात पेंगणारे या तासाला जागे होतात. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, आता असतं तर मेसेंजर होता. सगळे हसतात. ही मुलगी हसत नाही. मेसेंजर तिच्याकडेही आहे, पण अडचण पत्र पोचण्याची कधीच नसते. शिकणं माणसाला एका दिशेला नेतं आणि प्रेमाचं माणूस दुसऱ्या जागी असतं, ही अडचण रिझालांच्या वेळेला होती आणि आजही आहे. २०१९ साली आलेल्या 'हॅलो, लव्ह, गुडबाय' या चित्रपटाने हेच दाखवलं. हाँगकाँगमध्ये घरकाम करणारी नायिका कॅनडात जाऊन नर्स व्हायचं ठरवते आणि प्रियकराला मागे ठेवून निघते. पाच वर्षांनी त्याचा पुढचा भाग आला आणि फिलिपिनो सिनेमाच्या इतिहासात सर्वाधिक कमाई करून गेला. लोक नुसत्या नटनट्यांसाठी इतक्या संख्येने चित्रपटगृहात जात नाहीत. तो प्रश्न त्यांच्या घरात बसलेला असतो.

रिझालांबद्दल एक गोष्ट त्या तासात घाईने सांगितली जाते. ती मला जास्त महत्त्वाची वाटते. १८९१-९२ मध्ये ते हाँगकाँगला राहत होते, डागिलार स्ट्रीटवर त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता, आणि आई-वडील, बहिणी तिथे त्यांच्याजवळ होत्या. आईचे अधू होत चाललेले डोळे त्यांनी तिथे तपासले, उपचार केले. डॉक्टरकी शिकण्यामागे आईचे ते डोळे होते असं सांगतात. या मुलीची आई त्याच हाँगकाँगमध्ये आहे.

साडेपाच

तिची 'बार्कादा', म्हणजे मित्रमैत्रिणींची टोळी, सहा जणांची. ड्युटीच्या गटातून जुळलेली. आज एकीचा वाढदिवस. तिला कोरियन पद्धतीचं, हवं तितकं मांस भाजून खायचं हॉटेल हवं होतं. ते सध्या मनिलाच्या विद्यार्थ्यांचं वाढदिवसाचं ठिकाण झालं आहे. पण त्या हॉटेलात एका माणसाला जे पडतं त्यात हिचे दोन दिवस निघतात. आणखी एकाचीही तीच परिस्थिती. कुणी काही बोललं नाही. आदल्या रात्री वाढदिवसाच्या मुलीला वगळून काढलेल्या गटचॅटवर एकाने लिहिलं की माझ्या खोलीत पानसित करूया, माझ्या आतेबहिणीने मोठी कढई दिली आहे. मग दुसऱ्या गटचॅटवर वाढदिवसाच्या मुलीनेच लिहिलं की पाऊस आहे, बाहेर नको, कुणाच्या खोलीत पानसित झालं तर छान. तिला कुणी सांगितलं होतं की तिने ओळखलं, हे कधी कळणार नाही. पैसे नाहीत असं कुणालाही म्हणावं लागलं नाही, एवढं खरं.

पानसित म्हणजे नूडल्स. त्या लांब, म्हणून आयुष्य लांब, असा वाढदिवसाचा शकुन. सांपालोकच्या चिंचोळ्या जिन्याच्या खोलीत एका गादीवर सहा जण, मध्ये वर्तमानपत्रावर कढई, शेजारी रस्त्यावरून आणलेले फिशबॉल आणि नारिंगी पिठात तळलेली लावा पक्ष्याची अंडी, क्वेक-क्वेक. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे पैसे एका मगमध्ये टाकलेले. गप्पा मॅमच्या, कोणाचं कोणाशी जमलं त्याच्या, आणि मग नेहमीप्रमाणे अभ्यासाच्या. एक जण रेक्तोवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मागच्या आवृत्तीचं मेडिकल-सर्जिकल नर्सिंग घेऊन आला आहे. ते सहा जणांत फिरतं, प्रत्येकाकडे ठरावीक रात्री.

ही पिढी दहावी-अकरावीला पडद्यावर, नाहीतर छापील गठ्ठ्यांतून शिकली. फिलिपिन्समध्ये शाळांची दारं करोनात फार लांब काळ बंद राहिली, मुलं वर्गात पूर्ण परतली ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. सोळा-सतराव्या वर्षी मैत्री म्हणजे जे मधल्या सुट्टीत, जिन्यावर, शाळेच्या फाटकाशी घडतं ते या मुलांच्या वाट्याला आलंच नाही. म्हणून मी त्यांच्या या गादीवरच्या तासांकडे वेळेची उधळपट्टी म्हणून पाहू शकत नाही. घरची मोठी माणसं तसं पाहतात, आणि त्यांचीही बाजू आहे, कारण फी त्यांनी भरलेली असते. पण ज्या मुलीला पुढे अनोळखी देशातल्या अनोळखी वॉर्डात रात्री उभं राहायचं आहे, तिला माणसं जोडता येणं हे औषधांच्या मात्रांइतकंच लागणार आहे.

गुरुवार असल्याने निघताना चौघी सेंट ज्यूडच्या देवळात जाऊन येतात. राष्ट्रपती भवनाच्या जवळचं हे कॅथलिक देऊळ, गुरुवारी नोव्हेनाची गर्दी. अशक्य कामांचा हा संत, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेला बसणारे दूरदूरहून इथे येतात. पुढच्या आठवड्यात सत्रपरीक्षा आहे. मेणबत्ती लावून होते, आणि प्रत्येकीने काय मागितलं ते विचारायचं नसतं.

साडेसात

परतीचा प्रवास. २०२३ च्या टॉमटॉम वाहतूक निर्देशांकात महानगरांच्या यादीत मेट्रो मनिला सगळ्यांत संथ ठरलं होतं: दहा किलोमीटरला सरासरी साडेपंचवीस मिनिटं. पावसात रस्त्यावर पाणी भरलं की एस्पान्या बुलेवार्डवर हा हिशेबही लागू राहत नाही. जीपनीच्या दोन लांब बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून माणसं बसलेली. "बायाद पो" म्हणत मागच्या माणसाने पुढे केलेली नाणी पाच-सहा अनोळखी हातांतून ड्रायव्हरकडे जातात आणि उरलेले पैसे त्याच वाटेने परत येतात. विद्यार्थ्याला वीस टक्के सूट, २०१९ च्या कायद्याने. ती "एस्तुद्यांते" म्हणते आणि ओळखपत्र उचलून धरते.

पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजात वेळेच्या नियोजनावर व्याख्यानं देतात. अभ्यासाला इतके तास, मित्रांना इतके, प्रेम असलंच तर नंतर. मला या व्याख्यानांचा राग येतो. या मुलीच्या दिवसात वाया घालवलेला एक तासही सापडत नाही. तिचा वेळ खातं ते शहर, जे येण्याजाण्यात रोज तीन-चार तास घेतं. तिचा वेळ खाते ती फी. सरकारी विद्यापीठांत २०१७ च्या कायद्याने शिक्षण मोफत झालं, पण तिथल्या नर्सिंगच्या जागा थोड्या आणि उमेदवार अफाट. म्हणून ती खासगी कॉलेजात आहे आणि फी हप्त्यांनी जाते. पूर्वी हप्ता चुकला की परीक्षेला बसायचा परवाना मिळत नसे. मार्च २०२४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, तरी गरजू असल्याचा दाखला समाजकल्याण अधिकाऱ्याकडून आणावा लागतो, आणि दाखल्यासाठी पुन्हा एक दिवस. अशा दिवसात ती तोल सांभाळते असं म्हणणं मला अपुरं वाटतं. तिच्या दिवसाला अनेकांचे हात लागलेले आहेत: बापाची पहिली सवारी, लोलाचा लसणाचा भात, वाढदिवसाच्या मुलीने सोडलेलं हॉटेल, आणि गाडीत झोप आवरून औषधांची नावं विचारणारा तो.

परतीला ती पहिल्या डब्यात बसते. कुबाओच्या मॉलमधून ख्रिसमसची गाणी ऐकू येतात. सप्टेंबर लागला की तिथे नाताळ सुरू होतो. त्याची पाळी एव्हाना सुरू होत आली आहे. काचेतून तिला तो दिसणं शक्य नाही, तरी ती त्या बाजूला बघते.

दहा

आई हाँगकाँगमध्ये एका घरात कामाला आहे, आठ वर्षं. तिथे घरकाम करणाऱ्या परदेशी बाईला कायद्याने ठरलेला किमान पगार महिन्याला साधारण पाच हजार हाँगकाँग डॉलर. परदेशी काम करणाऱ्या फिलिपिनोंनी २०२४ मध्ये बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम ३४.४९ अब्ज अमेरिकी डॉलर होती. त्या प्रचंड आकड्यातले काही थेंब म्हणजे या मुलीचा पांढरा गणवेश आणि धाकट्याचे बूट.

घरमालकाची मुलं झोपली की आई फोन करते. फोन लोलाच्या हातात, मग भावाच्या, मग बापाच्या, मग हिच्याकडे. आई नेहमी नखं दाखव म्हणते. मग पायांबद्दल विचारते, उभं राहून दुखतात का? मुलगी नानायबद्दल सांगते. आई ऐकते आणि विचारते, "त्या बाईंची मुलगी जवळ होती का?" होती, वारा घालत होती. थोडा वेळ दोघी गप्प असतात.

मग आई म्हणते, "आणि तो? धाकटा सांगत होता." धाकटा पलंगावर तोंड लपवतो. भाऊ तिला 'आते' म्हणतो, ताई, आणि तिचं प्रत्येक गुपित त्याच्याकडून बाहेर जातं.

ती म्हणते, "आहे एक, आई. आधी परीक्षा होऊ दे."

"मी कधी नको म्हटलं? मला फक्त तोंड बघायचं आहे."

फिलिपिन्समध्ये अठरा ते एकवीस वयात लग्न करायचं तर आईवडिलांची संमती लागते, आणि एकवीस ते पंचवीसमध्ये त्यांचा सल्ला घेतल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर परवाना तीन महिने लांबतो. घटस्फोटाची सोय मुस्लिमांखेरीज कुणालाच नाही. २०२४ च्या मे महिन्यात कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचं विधेयक संमत केलं, पुढे सिनेटमध्ये ते अडलं. लग्न ही तिथे सहजी मागे न फिरता येणारी वाट आहे. म्हणून आईचं 'तोंड बघायचं आहे' हे कुतूहल नाही. आठ वर्षं पडद्यावरून मुलीला वाढवणाऱ्या बाईला तिच्या आयुष्यातल्या या एका गोष्टीत तरी हजर राहायचं आहे.

साडेअकरा

शुश्रूषेचा आराखडा लिहायचा आहे. नानायच्या सुजलेल्या पायांचं निदान, कारण, उद्दिष्ट, काय केलं, का केलं, काय फरक पडला. बाई कॉपी ओळखतात, म्हणून 'का केलं' हा रकाना स्वतःच्या शब्दांत लिहावा लागतो. घरातले झोपलेले. ती फोनच्या उजेडात स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसते. पाऊस वाढतो.

बाराला त्याचं 'लंच'. तो जिन्यात येऊन फोन करतो. दोघं फारसं बोलत नाहीत, फोन नुसता चालू असतो. तो डबा खातो, ती लिहिते. मध्येच तो विचारतो, "पोटॅशियमला काय खायला सांगितलंस?" केळं, ती म्हणते, पण मूत्रपिंडाचा अहवाल बघून.

सव्वाबाराला गटचॅट धडाधडा वाजू लागतं. मनिलाच्या महापौरांनी उद्या सर्व स्तरांवरचे वर्ग बंद केले आहेत. मागोमाग मारिकिनाचीही सूचना येते. आधी नाचणारी चित्रं, मग मॅमचा निरोप: उद्याची ड्युटी रद्द, ती भरून काढायची शनिवारी, सात ते तीन. आराखडे मात्र उद्या दुपारपर्यंत ऑनलाइन द्यायचेच.

शनिवार त्यांचा होता. या आठवड्यात आठ तारीख त्याच दिवशी मोजायची होती. आणि उद्या गाडी पकडायची नाही, म्हणजे पहाटेची ती पंधरा मिनिटंही नाहीत. पलीकडे तोही तेच वाचत असतो. "असू दे," तो म्हणतो, "झोप होईल तुझी." आवाजावरून कळतं की त्याने शनिवारसाठी काहीतरी ठरवलं होतं. त्याची सुट्टी संपते, फोन ठेवावा लागतो.

ती आराखडा पूर्ण करते, एकदा वाचते, पाठवते. मग त्याला निरोप लिहिते. आधी लिहिलेलं पुसते, पुन्हा लिहिते.

"रविवारी घरी ये. चर्चमधली प्रार्थना नऊला संपते. लोला कधीची विचारते आहे."

उत्तर यायला वेळ लागतो. दोन फोनच्या मधल्या फटीत त्याने लिहिलेलं असतं: "काय आणू लोलाला?"

"पुतो. चीजवाला नको, साधा." मग आणखी एक ओळ. "अकराच्या आत पोच. आईला रविवारी सुट्टी असते, सेंट्रलला मैत्रिणींबरोबर बसते, तिथून ती अकराला फोन करते."